बाबांच्या रिपोर्टवर '२२/३८' आलंय. आता माझी तपासणी करू का?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागणं बरं नाही.

माझे बाबा शिंपी. कराडात मंडईच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं आमचं दुकान आहे. बाबांचं वय ४९. त्यांच्या आजाराची सुरुवात पायांपासून झाली नाही, काजांपासून झाली. शर्टाची काजं बाबा अजून हातानं करायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांचे टाके मागेपुढे पडायला लागले. मग सुईत दोरा ओवायला मला नाहीतर भावाला हाक यायची. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून घेतला, दोनदा. पायानं मशीन चालवताना लय सुटायला लागली म्हणून मोटर बसवली. त्यानंतर चाल बिघडली. पाय फाकवून चालतात, वळताना भिंतीला हात लावावा लागतो, आणि संध्याकाळी लाइट गेली की जागचे हलतच नाहीत. बोलणंही जड झालंय, शब्द ओढल्यासारखे येतात.

गल्लीनं काय ते ठरवून टाकलं. बाबांच्या गळ्यात माळ आहे, आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही, आणि बोलायच्या निमित्तानं जवळ येऊन त्यांच्या तोंडाचा वास घेणारी माणसं मी स्वतः पाहिलीत. एका जुन्या गिऱ्हाइकानं मापं देऊन झाल्यावर लग्नाचं कापड परत नेलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

डोळ्यांचं आधी माझ्या लक्षात आलं. माप घेताना बाबा टेपवरचा आकडा वाचायचे आणि वहीत लिहायला वळायचे. आपले डोळे टेपवरून वहीवर पटकन उडी मारतात. बाबांचे डोळे तशी उडी मारायचेच नाहीत. आधी पापणी मिटायची, मग मान वळायची आणि डोळे मागाहून सावकाश येऊन पोचायचे. तोवर आकडा विसरलेला असायचा. मी हे दोन डॉक्टरांना सांगितलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

हाडांचे डॉक्टर झाले, डोळ्यांचे झाले, कानाचे झाले. एका लॅबनं रक्त घेऊन 'सगळी जनुकं वाचतो' असं सांगितलं, अठरा हजार घेतले आणि काही सापडलं नाही म्हणून कळवलं. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. वर्षभरानं पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना समोर बसवून फक्त दोन बोटं दाखवली, एकदा या बोटाकडे बघा, एकदा त्या. मिनिटभरात त्यांनी विचारलं, "वडिलांना असंच होतं का हो?"

आजोबांना मी खाटेवरच पाहिलंय. घरात सगळे म्हणायचे वारं गेलं. थोरली आत्या पन्नाशीत काठीवर आली, तिचा संधिवात म्हणून पंधरा वर्षं तेल चोळणं चाललंय. आमच्या घरात हे तीन धागे कुणी एकत्र धरून बघितलेच नव्हते. परत रक्त दिलं, या वेळी वेगळी तपासणी. स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया प्रकार २, म्हणजे लहान मेंदू झिजून तोल जाणारा आनुवंशिक आजार, थोडक्यात एससीए-२. एटीएक्सएन-२ जनुक, २२/३८.

आता माझं. मी २७ वर्षांची, पिंपरीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. सांगलीचं एक स्थळ आलंय, मुलगा मला आवडलाय, दोन्ही घरांनी होकार दिलाय. आई म्हणते, लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मामा म्हणतो, आधी रक्त तपासून घे, चांगलं आलं तर सांगायची गरजच नाही. भाऊ १६ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात तो सायकलवरून पडला आणि घरातली चारही माणसं रात्रभर गप्प होती.

मला खरंच कळत नाही, तपासणी करू का? भावाचीही करायची का? आणि बाबांसाठी जगात कुठे काही संशोधन चाललंय का, का नुसतं बघत बसायचं? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी लिहा, कळकळीची विनंती.

न्यूरो_निवासी

मी मुंबईत न्यूरॉलॉजीचं शिक्षण घेतोय. इथे निदान करत नाही, जे ठाऊक आहे तेवढं सांगतो.

आधी तुमच्या डोळ्यांच्या निरीक्षणाबद्दल. तुम्ही जे टेप आणि वहीचं लिहिलंय, नेमकं तेच मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी टिपलं होतं. १९७१ मध्ये त्यांनी आणि स्वामी या सहकाऱ्यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबं मांडली. त्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा आजार होता आणि सोबत डोळ्यांची हालचाल अतिशय मंद होती. हा वेगळा आजार आहे असं त्यांनी तेव्हा म्हटलं. एमआरआय नाही, जनुकीय तपासणी नाही, रुग्णाकडे नीट बघणं एवढंच हातात होतं. पुढे १९९६ मध्ये जनुक सापडलं आणि १९९८ मध्ये वाडियांनीच सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास देऊन दाखवलं की मंद डोळे ही एससीए-२ ची मोठी खूण आहे. मी वॉर्डात दोन बोटं दाखवतो तेव्हा मला दरवेळी ते आठवतात. तुम्ही अकाउंट्स बघता आणि हे तुम्हाला स्वतःहून दिसलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

डोळे का मंदावतात? डोळ्यांची ती उडी मारायचा हुकूम मेंदूच्या देठातल्या 'पॉन्स' या भागातून सुटतो. एससीए-२ मध्ये लहान मेंदूबरोबर पॉन्सही झिजतो. डोळ्यांचे स्नायू ठीक असतात, हुकूमच अशक्त निघतो. म्हणून माणूस पापणी मिटून, मान वळवून वाट काढतो.

पहिल्या लॅबमध्ये का सापडलं नाही, तेही सांगतो, कारण हे फार घरांत होतं. या आजारात जनुकातलं एखादं अक्षर चुकलेलं नसतं. सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीनं जितक्या वेळा यायला हवीत त्याहून जास्त वेळा येतात. तुमच्या घरच्या भाषेत, टाका बरोबर आहे, पण एकाच जागी तो मोजून जास्त पडलाय. 'सगळी जनुकं वाचणारी' एक्झोम तपासणी अक्षरं तुकड्यातुकड्यांनी वाचते, असे लांबलेले टाके तिला भरवशानं मोजता येत नाहीत. त्यासाठी एससीएची रिपीट मोजणारी वेगळी तपासणी मागावी लागते. एक्झोम कोरी आली म्हणजे एससीए नाही, असं कुणी समजू नये.

२२/३८ म्हणजे एका बाजूच्या प्रतीत २२ टाके, दुसऱ्या बाजूच्या प्रतीत ३८. ३१ पर्यंत सर्वसाधारण धरतात, ३५ आणि त्यापुढे आजार होतो, मधला पट्टा धूसर आहे. बाबांकडून तुम्हाला २२ ची प्रत आली असेल किंवा ३८ ची. शक्यता निम्मी-निम्मी, मुलगा असो की मुलगी. भावाची शक्यता वेगळी, त्याचीही निम्मी. तुम्हाला आली म्हणून तो सुटला असं नसतं, उलटही नसतं. आणखी एक कटू गोष्ट: ही संख्या पुढच्या पिढीत वाढू शकते, वडिलांकडून येताना जास्त, आणि संख्या जास्त तितका आजार साधारणपणे लवकर. पण रिपोर्टवरचा आकडा म्हणजे तारीख नव्हे. सारख्या आकड्याच्या दोन माणसांत सुरुवातीच्या वयाचा बराच फरक पडतो.

भावाची तपासणी करू नका. लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलाची ही तपासणी करू नये असाच जगभरचा संकेत आहे. त्या उत्तरानं आज त्याच्या उपचारात काहीही बदलत नाही, आणि न जाणण्याचा त्याचा हक्क मात्र कायमचा जातो. सोळाव्या वर्षी मुलं सायकलवरून पडतात. वारंवार तोल जायला लागला, अक्षर बिघडलं, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, तो वेगळा विषय.

तुमची तपासणी फक्त तुम्ही ठरवायची. आधी जनुकीय समुपदेशकाकडे किमान एक बैठक, मग विचाराला वेळ, मग रक्त, आणि रिपोर्ट समोरासमोर बसून. हंटिंग्टन या मेंदूच्या अशाच आनुवंशिक आजारासाठी ही पद्धत बसवली गेली, तीच इथे वापरतात. रक्त दिल्यावरही 'मला उत्तर नको' म्हणता येतं.

संशोधनाचं खरं चित्र असं. आजार थांबवणारं मान्यताप्राप्त औषध एससीए-२ साठी आज नाही. रिल्युझोल या औषधाबद्दल आधीच्या छोट्या अभ्यासांमुळे आशा होती. मग फ्रान्समध्ये फक्त एससीए-२ च्या ४५ रुग्णांवर वर्षभराची चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटानं उंदरांमध्ये या जनुकाचा संदेशच कमी करणारं औषध देऊन चांगला परिणाम दाखवला. जनुक शोधणाऱ्या गटांपैकी एकाचे प्रमुख स्टीफन पुल्स्ट हेच यामागे आहेत. माझी स्वतःची आशा त्या वाटेवर आहे. उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर मोठं असतं, तरी वाट तीच वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'अ‍ॅटॅक्सियावर औषध निघालं' असा मेसेज आला असेल तर तो ओमॅव्हेलोक्सोलोनचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती फ्रीड्रिक अ‍ॅटॅक्सियाला. तो आजार वेगळा, जनुक वेगळं, आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच होतो. बाबांना त्याचा उपयोग नाही.

आणि स्टेम सेलच्या इंजेक्शनला कुणी लाखो रुपये मागितले तर उठून निघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत ते प्रयोगाच्या बाहेर देता येत नाही आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

सांगलीचे_मास्तर

बाळ, मी ४१ वर्षांचा. प्राथमिक शाळेत शिक्षक. मलाही तेच आहे, आईकडून आलं. हे मी फोनला बोलून लिहून घेतोय, माझं बोलणं फोनला नीट कळत नाही म्हणून बायको शेजारी बसून शब्द दुरुस्त करतेय.

मी लक्षणं नसताना तपासणी केली होती, ३४ व्या वर्षी. कुणी समजावून सांगितलं नाही, समुपदेशन वगैरे शब्दसुद्धा ऐकला नव्हता. रिपोर्ट फोनवर पीडीएफ म्हणून आला. मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होतो. फळ्याकडे पाठ करून उघडला. पोरं म्हणाली, गुरुजी पुढचं लिहा की. मी पुढचं लिहिलं. बाकी किती उरली ते आजही आठवतं, तीन उरली. घरी गेलो आणि चार महिने बायकोला सांगितलं नाही. ते चार महिने आजारापेक्षा वाईट होते. दर जिन्यावर, दर ठेचेला मी स्वतःची परीक्षा घ्यायचो. सुरुवात झाली का? आज झाली का? खरी सुरुवात झाली त्यानंतर तीन वर्षांनी. तोवरची धडधाकट तीन वर्षं मी भीतीत घालवली.

म्हणून तपासणी करू नकोस असं मी म्हणणार नाही. मला कळलं म्हणून आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार थांबवला, घर तळमजल्यावर घेतलं, बदली गावाजवळ मागून घेतली. उपयोग झाला. पण एकटीनं करू नकोस, आणि मामाच्या म्हणण्यावरून तर अजिबात नको. 'चांगलं आलं तर सांगायचं नाही' म्हणजे वाईट आलं तर काय? तेव्हा तू आधीच खोटं बोलून बसलेली असशील.

त्या मुलाला सांग. रिपोर्ट करायच्या आधी सांग. तुझ्या बाबांना काय आहे एवढं सांगायला तुझं रक्त तपासायची गरज नाही. माझ्या बायकोला मी लग्नाआधी सांगू शकलो नाही, कारण मलाच माहीत नव्हतं, आईला 'चक्कर' आहे एवढंच ठाऊक होतं. ती आता शेजारी बसून म्हणतेय, माहीत असतं तरी केलं असतं. पण निवडायची संधी तिला मिळायला हवी होती असं मला वाटतं. (हे तिनं काढून टाकायला सांगितलं, मी ठेवलं.)

मुलांचं म्हणशील तर वाट बंद नाही. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, किंवा आयव्हीएफ करून आधी गर्भ तपासून मग ठेवता येतो. कायद्यात बंदी लिंग सांगायला आहे, जनुकीय आजार नोंदणीकृत केंद्रात तपासायला परवानगी आहे. आमच्या वेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

विम्याचं आधी बघ. तू अकाउंट्सवाली, तुला समजेल. तपासणीच्या आधी आरोग्य विमा घे आणि फॉर्मवर वडिलांबद्दल विचारलं असेल तर खरं लिही. जनुकीय आजार म्हणून आरोग्य विम्यातून सरसकट वगळायला २०१९ पासून नियामकानं मनाई केली आहे. आणि बाबांचं अपंगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, लगेच काढ. २०१६ च्या कायद्यात मेंदूचे जुनाट आजार धरलेत. कार्ड खिशात असलं की पोलीस, कंडक्टर, गिऱ्हाईक कुणालाही दाखवता येतं. दारूचा संशय मी पण सोसलाय. एकदा पालक सभेत. कार्ड मी गळ्यात अडकवतो, शाळेच्या ओळखपत्राबरोबर.

गोदाकाठ

नाशिकहून. मी ३६, आईला एससीए-१, याच आजाराचा दुसरा प्रकार. मी तपासणी केलेली नाही आणि करणार नाही. दोन वेळा समुपदेशकाकडे बसले, दुसऱ्यांदा उठताना मन शांत होतं. लग्न झालंय, नवऱ्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मूल दत्तक घेतलं. रोज सकाळी गोदावरीकाठी पाच किलोमीटर चालते. न जाणणं म्हणजे पळणं, असं काही नातेवाईक म्हणतात. त्यांच्या घरात हे नाही. एवढंच सांगायचं होतं.

तोल_सांभाळा

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, अ‍ॅटॅक्सियाचे सहा रुग्ण सध्या माझ्याकडे येतात. 'नुसतं बघत बसायचं का' हे वाचून राहवलं नाही. ताई, अजिबात बघत बसायचं नाही.

क्युबात होल्गिन नावाचा प्रांत आहे. जगात एससीए-२ चं प्रमाण सगळ्यात जास्त तिथं. २००० पासून तिथं या आजारासाठी स्वतंत्र केंद्र आहे. त्यांनी ३८ रुग्णांवर २४ आठवड्यांचा अभ्यास केला, रोज सहा तास, आठवड्याचे पाच दिवस व्यायाम. २०१८ मध्ये तो छापून आला. ज्यांनी व्यायाम केला त्यांचा गुण सुधारला, उभं राहणं, चालणं, बसणं सगळ्यात. डोळ्यांच्या वेगात फरक पडला नाही. म्हणजे झिजणारा मेंदूसुद्धा शिकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या रुग्णांकडे बघायची माझी नजरच बदलली.

गुण म्हणजे 'सारा' नावाची मोजपट्टी. आठ गोष्टी करून बघायच्या, शून्य ते चाळीस, जास्त तितकं वाईट. युरोपात शेकडो रुग्णांना वर्षानुवर्षं मोजलं, तेव्हा एससीए-२ मध्ये वर्षाला साधारण दीड गुण वाढतो असं दिसलं. बाबांचा आजचा गुण मोजून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परत मोजा. आकडा समोर असला की व्यायाम टिकतो.

घरी सहा तास कुणालाच जमत नाहीत. मी पाऊण तास सांगते, पण रोज. भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर जड खुर्ची, पडायला जागाच नाही अशा ठिकाणी. आधी पाय फाकवून, मग जवळ, मग एक पाऊल पुढे. सतरंजीवर हात-गुडघे टेकून एक हात उचलायचा, मग विरुद्ध पाय. बसून उठणं, हात न टेकता, दहा वेळा. वळताना आधी थांबायचं, मग मान, मग पाऊल. बाबांच्या हातात कला आहे, ती वाया घालवू नका. मोठ्या छिद्राच्या कापडावर जाड सुई आणि लोकर द्या, कोपर टेबलावर टेकलेलं. हाताला आधार मिळाला की थरथर कमी होते.

घरातली पायपुसणी आजच उचला. चप्पल बंद, मागून पट्टा असलेली सँडल. बाथरूमला दोन दांड्या, एक आत जाताना आणि एक बसल्यावर हाताशी. रात्री पायाशी लहान दिवा सतत. अंधारात हलत नाहीत म्हणालात ना, त्याचं कारण पायाच्या नसाही मंदावतात, मग तोल डोळ्यांवरच राहतो. डोळे मिटून किंवा अंधारात तो आधारही जातो. आणि बाबांना बाजूनं हाक मारू नका, मान झटकन वळते आणि पडतात. समोर येऊन बोला.

कराडची_लेक

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी तीनदा वाचलं, एकदा आईला वाचून दाखवलं. मास्तर, तुमचं आलं तेव्हा आई मध्येच उठून आत गेली. परत आली आणि म्हणाली, त्यांच्या बायकोचा नंबर मिळेल का. (इथे नको, मी निरोपातून विचारते.)

मुलाला सांगितलं. फोनवर नाही, सांगलीला जाऊन, बसस्टँडजवळच्या हॉटेलात. रिपोर्टचा कागदच पुढे ठेवला आणि २२ काय, ३८ काय ते निवासी डॉक्टरांनी सांगितलं तसं टाक्यांवरून समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, 'मला वेळ दे' म्हणाला. चार दिवस झाले, फोन नाही. वाईट वाटतंय, पण सांगितल्याचं वाईट वाटत नाही. येताना एसटीत रडले, कराड येईपर्यंत संपलं.

समुपदेशकाची वेळ घेतलीय, पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. रक्त द्यायचं का ते तिथं बसून ठरवेन. गोदाकाठताई, तुमचे चार-पाच ओळींचे शब्द मी फोनमध्ये जपून ठेवलेत. दोन्ही वाटांवर माणसं नीट उभी आहेत हे दिसलं, त्यानं फार बरं वाटलं. आत्याचा संधिवात आता नव्यानं तपासायचा आहे. आत्याची दोन मुलं माझ्या वयाची आहेत, त्यांना कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. भावाला मात्र मी स्वतः सांगितलं, की तुझी तपासणी कुणी करणार नाही, अठरा झाल्यावर तुझं तू ठरव. तो म्हणाला, मग सायकल दुरुस्त करून द्या. चेन निसटली म्हणूनच पडला होता.

काल 'सारा' मोजून घेतला, १३ आला. वहीत लिहिला, बाबांच्या मापाच्या वहीतच, त्यांनी सांगितलं तिथंच लिही. दुकानातल्या कोपऱ्यात पाठ लावून उभे राहतात, समोर कटिंगचं टेबल. ताई, जाड सुई आणि लोकर दिली तर त्यांनी ती बाजूला सारली आणि शर्टाची कॉलर घेऊन बसले, कोपर टेकून. एक काज केलं, वीस मिनिटं लागली. टाके सारखे नव्हते. त्यांनी ते उसवलं नाही.

एक विचारायचं राहिलं. चहा पिताना त्यांना ठसका लागतो, रोज सकाळी. भात, भाकरी नीट जाते, चहाच त्रास देतो. हे याच आजाराचं का? काय करू?

तोल_सांभाळा

हो, याच आजाराचं. पातळ पदार्थ घशात वेगानं उतरतो आणि गिळायची क्रिया मागे पडते, म्हणून भाकरी जाते आणि चहा अडतो. हे थांबून राहायचं काम नाही, महिन्याभरात स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. वजन कमी होत असेल, किंवा ठसक्यानंतर ताप आणि छातीत घरघर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

तोवर एवढं करा. पाठ सरळ ठेवून बसायचं, दुकानातल्या स्टुलावर नाही, पाठीच्या खुर्चीत. कप अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, परत भरा, म्हणजे मान मागे टाकावी लागत नाही. घोट लहान, घोट तोंडात घेतल्यावर हनुवटी छातीकडे, मग गिळायचं. एका घोटानंतर कोरडं गिळायला सांगा. गिळताना कुणी बोलायचं नाही, बाबांनीही नाही आणि गिऱ्हाइकानंही नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट बंद, पातळ आणि घट्ट एकत्र आलं की सगळ्यात जास्त ठसका लागतो. बशीतून प्यायची सवय असेल तर तीही सोडा, बशीला तोंड लावताना घोट मोठा जातो. चहा झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.